कोण म्हणतं पुसलेला

मंगळवारी सकाळी साडेदहाला टपालवाल्यानं सही घेऊन पाकीट दिलं आणि मार्सेलिननं ते ओट्यापाशी उभ्याउभ्याच सुरीनं कापलं. आत प्लॅस्टिकची चपटी डबी होती, पत्त्यांच्या जोडाएवढी, चारी बाजूंनी कायमची चिकटवलेली, आणि तिच्या पोटात तिचा डॉलर. अठराशे ब्याण्णव सालचा, तिच्या रीनो गावापासून तीस मैलांवरच्या कार्सन सिटीच्या टांकसाळीत पाडलेला, गेली सदतीस वर्षं तिच्या मालकीचा चांदीचा डॉलर. डबीच्या कपाळावर पांढरी चिठ्ठी होती. चिठ्ठीवर साल होतं, टांकसाळीचं नाव होतं, आणि जिथं अंक असायचा तिथं अंक नव्हता. तिथं छापलं होतं: साफ केलेले.

तिनं ते दोनदा वाचलं. मग कॉफीखालचा गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि बसली. एकसष्ट वर्षांत लोक तिला बरंच काही म्हणाले होते. शाळेत मेंढपाळाची पोर म्हणाले, पुढं कॅसिनोतली बाई म्हणाले, कोर्टात न्यायाधीशासमोर नवरा तिला दगड म्हणाला होता आणि ते तिनं मनातल्या मनात मान्यही केलं होतं. पण खोटी कुणी म्हटलं नव्हतं. नाणेसंग्राहकांच्या क्लबात वीस वर्षं ती हा डॉलर दाखवत आली होती आणि प्रत्येक वेळी सांगत आली होती की याला कधी फडकं लागलेलं नाही. टांकसाळीतून निघाला तेव्हाची झळाळी अंगावर आहे, हातात धरून हलवा, उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. आता कुठल्यातरी लांबच्या शहरात, पांढऱ्या दिव्याखाली बसलेल्या तीन अनोळखी माणसांनी तिचा डॉलर पाच-सहा सेकंद वळवून पाहिला होता आणि ती खोटं बोलते असं छापून पाठवलं होतं. तिच्या कानशिलात ऊन साठत गेलं. तिनं डबी पालथी घातली, तर मागच्या बाजूनंही गरुडावरून तो उजेड फिरलाच, अगदी नेहमीसारखा, जसं काही झालंच नाही.

पाठव असा आग्रह हार्लनचा होता. हार्लन ट्विचेल, क्लबचा सेक्रेटरी, आयुष्यभर काउंटीच्या रस्त्यांची मापं घेतलेला माणूस, बायको गेल्यापासून रविवारी दुपारी मार्सेलिनकडे जेवायला येणारा. त्याच्या घरी सत्त्याण्णव डॉलर होते आणि सगळेच्या सगळे अशा डब्यांत, एका लाकडी कपाटात, चिठ्ठ्या पुढं करून. नाणी पारखणारी कंपनी नाण्याला एकापासून सत्तरपर्यंत अंक देते, घासूनपुसून मूळ झळाळी बिघडवलेल्याला मात्र देत नाही, डबीत कोंडते, आणि मग जगात कुठंही कुणी ते न उघडता त्या अंकावर विकत घेतं, यातली शांतता त्याला आवडायची. तिनं फोन लावला.

"आलं का?" त्यानं विचारलं. "किती दिले?"

"काहीच नाही. पुसलेला आहे म्हणतात."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो मऊ आवाजात म्हणाला, "मार्सी, होतं असं कधीकधी. मनाला लावून घेऊ नकोस. तुला कुठून माहीत असणार."

"मला माहीत आहे, हार्लन."

"हो गं. पण ती माणसं दिवसाला शेकड्यानं नाणी बघतात."

"मीही बघायची," ती म्हणाली. "दिवसाला तीन हजार."

आणि ते खरंच होतं. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षापासून ती व्हर्जिनिया स्ट्रीटवरच्या कॅसिनोत सुटे पैसे वाटायची. त्या काळी रीनोत कागदी डॉलर कुणी हातात घेत नसे. खाटीक, न्हावी, बारवाला, सगळीकडं चांदी. कमरेला जाड कापडाचा पट्टा, त्याला पुढं खिसे, खिशांत डॉलरच्या गुंडाळ्या, आठ-नऊ किलोचं ओझं घेऊन आठ तास यंत्रांच्या रांगांमधून फिरायचं. कुणी बोट वर केलं की गुंडाळी काठावर आपटून फोडायची आणि वीस डॉलर तळहातावर ओघळू द्यायचे. एका वर्षात तिचा डावा खुबा उजव्यापेक्षा खाली आला आणि तो आजही तसाच होता. शिंपिणीला अजून दर वेळी सांगावं लागे. पण दुसऱ्या वर्षी तिच्या लक्षात आलं की ती न बघता ओळखते. झिजलेला डॉलर साबणासारखा सरकतो. नव्याच्या कडा बोटाला चावतात. धुतलेला, घासलेला डॉलर हाताला कसातरी घाबरट लागतो, अंग चोरून बसल्यासारखा. हे तिनं क्लबात एकदा सांगितलं होतं तर लोक हसले होते. हार्लनही हसला होता, जरा कमी. बासष्टच्या जानेवारीत, स्टॉकटनहून आलेल्या एका जाड्या बाईसाठी तिनं गुंडाळी फोडली आणि एकोणीस डॉलर सरकले आणि एक अडला. तिनं बघितलं. जणू आदल्या दिवशी पाडलेला. तीस वर्षं की सत्तर वर्षं कुठल्यातरी बँकेच्या तळघरात पिशवीत पडून होता आणि आज पहिल्यांदा हवेत आला होता. तिनं बक्षिशीचा म्हणून बुटात ठेवलेला आपला डॉलर काढून त्या बाईच्या हातात घातला, खजिनदारणीला तिथल्या तिथं सांगितलं, आणि तो वेगळा ठेवला. रात्रपाळीच्या मुलींनी वेड्यात काढलं. दोन वर्षांत देशभरातल्या लोकांनी चांदीचे डॉलर पोत्यांनी उचलून नेले, कॅसिनोंनी पितळेचे चकत्यांसारखे तुकडे आणले, आणि ज्या मुलींनी वेड्यात काढलं होतं त्यांच्याकडं एकही उरला नाही.

ती उठली. हत्यारांच्या खणातून पक्कड काढली, डबी फडक्यात गुंडाळली आणि कोपऱ्यावर पकडून पिळली. प्लॅस्टिक आधी पांढरं पडलं, मग फटकन तुटलं. हे क्लबात लपूनछपून सगळेच करायचे. अंक कमी आला की डबी फोडायची आणि पुन्हा पाठवायची. म्हातारा ओटिस तर एकच डॉलर तीनदा पाठवून बासष्ट, चौसष्ट आणि त्रेसष्ट असे तीन अंक घेऊन आला होता आणि म्हणायचा, जेवणानंतर पोचेल असं पाठवा, उपाशी माणूस कडक असतो. लोक हसायचे. हसायचे आणि पुन्हा पैसे भरून पाठवायचे. मार्सेलिनला त्या हसण्याचा नेहमी राग यायचा, पण तो राग कशाचा ते आज तुटलेल्या कोपऱ्यातून डॉलर बोटांत आल्यावर तिला कळलं. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याकडूनच शाबासकी हवी, असलं ते हसणं होतं. सासरच्या माणसांबद्दल बायका हसतात तसलं.

रविवारी हार्लन आला. तिनं बीन्स आणि मेंढीचं मटण केलं होतं, लसूण घालून, तिची आई करायची तसं. ताटं उचलायच्या आधीच तिनं डॉलर मेजावर ठेवला, उघडा.

"फोडलीस?" तो म्हणाला.

"फोडली. आता हा तू पाठव. तुझ्या नावानं."

"ते बरोबर नाही, मार्सी. फसवणूक आहे ती."

"कुणाची? डॉलर तोच आहे. ते डॉलर बघतात ना, का पाठवणाऱ्याचं नाव बघतात?"

त्यानं पावाचा तुकडा रश्शात बुडवला आणि बराच वेळ बुडवून ठेवला. "आणि पुन्हा तेच आलं तर?"

"तर मी क्लबात सगळ्यांसमोर सांगीन की मी वीस वर्षं चुकीचं बोलले. उभी राहून सांगीन."

"आणि नाही आलं तर?"

"तर तू उभा राहा," ती म्हणाली. तो बिचारा हसला नाही. त्यानं डॉलर कडेनं उचलला, खिशातून कागदाचं पाकीट काढलं आणि त्यात तो इतक्या हळू सरकवला की तिला एकाएकी त्याच्या बायकोचं शेवटचं वर्ष आठवलं, औषधं चमच्यात ओतताना तो हात असाच धरायचा.

सात आठवडे गेले. या सात आठवड्यांत मार्सेलिनला जे व्हायला नको होतं ते झालं. ती आठवायला लागली. घरात डॉलर नव्हता, त्याची पेटीतली जागा रिकामी होती, आणि त्या रिकाम्या जागेतून एकेक वर्ष बाहेर येऊ लागलं. बासष्ट ते अठ्ठ्याहत्तर हा डॉलर तिच्याजवळ नव्हताच. भाड्याच्या खोलीत चोऱ्या व्हायच्या म्हणून तिनं तो आमाकडं ठेवायला दिला होता. आमा म्हणजे तिची आई. लेक स्ट्रीटवरच्या, समुद्रापलीकडून मेंढ्या राखायला आलेल्या बास्क लोकांच्या खाणावळीचं स्वयंपाकघर सव्वीस वर्षं एकटीनं चालवलेली बाई. हिवाळ्यात मेंढपाळ डोंगरावरून उतरले की त्या लांब मेजावर चाळीस माणसं बसायची, सूप, बीन्स, कोकरू, जाड काचेचे वाइनचे पेले, आणि मार्सेलिनचा बाप जिवंत होता तोवर तोही त्यांच्यातलाच एक, सहा महिने कुत्र्याशी बोलून माणसांशी बोलायचं विसरलेला. आणि आमा घासायची. मेज घासायची, फरशी घासायची, पितळेचे नळ, सुऱ्या, मेरीच्या मूर्तीचे पाय. जगात दोनच प्रकारच्या गोष्टी असतात असं तिचं मत होतं, घासलेल्या आणि घासायच्या राहिलेल्या. सोडा आणि ओलं फडकं. तिच्या बोटांची टोकं कायम पांढरी, पाण्यात मुरलेली. मार्सेलिन लहानपणी झोपताना ती बोटं हातात धरायची आणि त्यांना सोड्याचा वास यायचा.

मग एके सकाळी, अंगणातले कोरडे दांडे छाटताना, तिला ते दिसलं. पाळी संपवून ती खाणावळीच्या मागच्या दारानं आत आली आहे, बूट हातात, पाय सुजलेले. खिडकीशी आमा पाठमोरी उभी. एप्रनचा कोपरा मुठीत, अंगठा गोल गोल फिरतोय. आमा काहीतरी तोंडाजवळ नेते, त्यावर श्वास टाकते, पुन्हा अंगठा. "काय करतेस, आमा?" "काही नाही गं. तुझंच आहे." एवढंच. मार्सेलिन कात्री हातात घेऊन उभी राहिली. तुझंच आहे. काय होतं ते? बापाचं घड्याळ होतं का, जे पुढं तिलाच मिळालं? लहानपणी चर्चमध्ये मिळालेलं पहिल्या कम्युनियनचं पदक? की खिडकीत उजेड होता आणि तो उजेड आमाच्या मुठीतून आऱ्यांसारखा फिरत होता? तिनं फिरतो आहे असं बघितलं तर तो फिरायचा. फिरत नाही असं बघितलं तर थांबायचा. घड्याळ ठेवलं तर घड्याळ दिसायचं. आठवण ही जर अशी वाकवावी तशी वाकत असेल तर तिनं क्लबात वीस वर्षं काय सांगितलं होतं? तिला आपल्या आईचा राग आला, आणि मेलेल्या बाईचा राग येतो म्हणून त्या तीन माणसांचा जास्त आला. त्यांनी डॉलरवर काय लिहिलं ते सोडाच, तिच्या आईच्या अंगठ्यापर्यंत त्यांचा हात पोचला होता.

एप्रिलच्या शेवटी हार्लन रविवार नसताना आला. अंगात बाहेर जायचा कोट, आणि दारातूनच हात पुढं केलेला. तळहातावर नवी डबी.

"वाच," तो म्हणाला.

साल. टांकसाळ. आणि अंक: चौसष्ट.

"चौसष्ट, मार्सी. कुठं खोट नाही, काही नाही. तू बरोबर होतीस." त्याचे डोळे ओले झाले होते. ते तिच्यासाठी होतं की कंपनीसाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं. "सॅक्रामेंटोच्या पॅस्कोला मी फोन केलासुद्धा. बघितल्याशिवाय घेतो म्हणाला. आकडा ऐकशील तर बसशील."

"मी बसलेलीच आहे."

त्यानं आकडा सांगितला. तिच्या घराचं अख्खं छप्पर नवं होऊन वर गाडी आली असती. तिनं मान हलवली, कॉफी ओतली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला धन्यवादही दिले, आणि तो गेल्यावर दिव्याची शेड काढून नुसता बल्ब लावला, पडदा ओढला, आणि भिंग घेऊन बसली. पहिल्या वेळी ती बसली नव्हती. शिवी ऐकली की माणूस आरशात बघत नाही, रस्त्यावर जाऊन भांडतो. कौतुक ऐकलं की मात्र गुपचूप बघून घेतो. प्लॅस्टिकवर बल्ब चमकत होता आणि आतलं नीट दिसत नव्हतं. तिनं डबी तिरकी केली, अजून तिरकी, उजेड चेहऱ्यावरून घसरेपर्यंत. नाण्यावरच्या स्वातंत्र्यदेवीचा गाल. हनुवटीपासून वर. आणि तिथं त्या होत्या. केसाहून बारीक, आखूड, एका बाजूला कललेल्या रेघा. दहा-बारा. ओरखडे नव्हेत, पिशवीत नाणी एकमेकांवर आदळून पडतात तशा खुणाही नव्हेत. या वळणावळणानं गेल्या होत्या, एका छोट्या कमानीत, आणि त्या कमानीची रुंदी एका अंगठ्याएवढी होती. बाईच्या अंगठ्याएवढी.

ती किती वेळ तशी बसली होती कोण जाणे. बल्बच्या उष्णतेनं तिचं कपाळ तापलं. सदतीस वर्षांत तिनं हा गाल हजार वेळा पाहिला होता आणि या रेघा पाहिल्या नव्हत्या, कारण ती उजेड फिरताना पाहायची, थांबलेला कधी पाहिला नव्हता. म्हणजे पहिल्यांदा ते बरोबर होते. आणि दुसऱ्यांदा, त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली, कदाचित तीच तीन माणसं चुकली होती. की पहिल्यांदाही त्यांनी रेघा पाहिल्याच नव्हत्या आणि नुसता अंदाज मारला होता? हे तिला कधीच कळणार नव्हतं. चिठ्ठीवर कारण नसतं, चिठ्ठीवर निकाल असतो. तिला हलकं वाटायला हवं होतं. जग तिला खरी म्हणत होतं. आणि ती त्या खरेपणाच्या डबीकडं बघत होती, आणि आत तिच्या आईचा अंगठा होता, आणि त्यावर छापलं होतं की असा अंगठा कुणाचा फिरलाच नाही. साफ केलेले म्हणाले तेव्हा त्यांनी तिला खोटी ठरवलं होतं. चौसष्ट म्हणून आता ते तिला खरोखरच खोटी करत होते. ती चौसष्ट घेऊन पॅस्कोकडं गेली की झालं. तिनं फक्त गप्प बसायचं होतं.

पक्कड अजून ओट्यावरच होती.

शनिवारी सकाळी क्लबची बैठक वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरली. अकरा माणसं, डोनट, पातळ कॉफी. हार्लननं इतिवृत्त वाचलं आणि मग, तिनं सांगितलं होतं म्हणून, उभा राहिला. प्रामाणिक माणूस होता. एकच नाणं दोनदा पाठवलं, एकदा असं आलं, एकदा तसं आलं, हे त्यानं रस्त्याचं माप सांगावं तसं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "तर मार्सेलिन जे सांगत होती ते खरं निघालं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओटिसनं टेबल ठोकलं.

मार्सेलिननं दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. शेजारी डॉलर ठेवला. उघडा.

"खरं निघालं नाही," ती म्हणाली. "गालावर रेघा आहेत. पुसलेला आहे."

हार्लननं आधी चिठ्ठीकडं पाहिलं, मग डॉलरकडं. चिठ्ठीभोवती डबी नाही हे त्याला उशिरा दिसलं. "चौसष्ट होता तो," तो म्हणाला. आवाज इतका लहान होता की मागच्या लोकांना ऐकूच गेला नाही.

"फोडली मी."

"अगं पण आता तर त्यांनी तुला बरोबर ठरवलं होतं."

"मला बरोबर ठरवणारे ते कोण, हार्लन?"

खोलीत सगळे एकदम बोलायला लागले. ओटिस म्हणाला, बाई, रेघा असल्या तरी आपल्याला कुठं दिसतात, अंक दिसतो ना. दुसरा कुणी म्हणाला, अशानं आपल्या सगळ्यांच्याच डब्यांवर शंका येईल. "येऊ दे की," मार्सेलिन म्हणाली, "तुम्ही दर शनिवारी इथं बसून तेच तर करता. फक्त हसून करता." हार्लननं इतिवृत्ताची वही बंद केली. तो रागावला की त्याचे कान पांढरे पडायचे. "तुला जिंकायचंच होतं ना?" तो म्हणाला. "जिंकलीस. मग आणखी काय पाहिजे? ते नाही म्हणाले तर तुला हो पाहिजे, हो म्हणाले तर नाही पाहिजे. तुला माणसांचं काही चालतच नाही, मार्सी. तुझा नवरा काही चुकीचं बोलला नव्हता." हे बोलून तो स्वतःच थिजला. कुणीतरी डोनटचा डबा सरकवला. ती डॉलर पाकिटात घालून बाहेर आली. ट्रकी नदीच्या कडेनं चालताना तिचा डावा खुबा ठणकत होता आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला रडू येत नाहीये. दगड तर दगड. नदीतल्या दगडांवरून बर्फाचं पाणी जात होतं आणि ते त्यांना जितकं झिजवायचं तितकं झिजवत होतं, आणि कुणी त्यांना अंक देत नव्हतं. पुढचे तीन रविवार हार्लन जेवायला आला नाही. तिनं तीनही रविवार बीन्स केल्या. एकटीनं खाल्ल्या. फोन केला नाही.

मे महिन्यात हॉटेलच्या मोठ्या हॉलमध्ये नाण्यांचं प्रदर्शन भरलं. तिनं पहिल्यांदाच स्वतःचं टेबल घेतलं. आजूबाजूला काचेच्या पेट्या, त्यांत डब्याच डब्या, एकाच उंचीच्या, जणू एखाद्या दफनभूमीचा नकाशा. तिच्या टेबलावर हिरवं कापड, एक उघडा दिवा, भिंग, आणि कागदी चौकटींत एकोणचाळीस डॉलर. प्रत्येकाखाली तिच्या हातानं लिहिलेलं कार्ड. हा झिजलेला आहे पण सच्चा आहे. याच्या कडेला कुणीतरी कानस लावलेली आहे, घेऊ नका, बघायला ठेवला आहे. हा मला आवडतो, का ते विचारू नका. आणि मधोमध: अठराशे ब्याण्णव, कार्सन सिटी. झळाळी जवळपास पूर्ण. गालावर कापडाच्या रेघा. कुणीतरी एकदा पुसलेला आहे, बहुधा माझ्या आईनं. एका कंपनीनं आधी हे ओळखलं आणि नंतर नाकारलं. मी दोन्ही निकाल फेकून दिले आहेत.

दुपारपर्यंत लोक यायचे, वाचायचे, हसायचे किंवा घाईनं पुढं सरकायचे. पॅस्को आला. गुलाबी, गुळगुळीत माणूस, टाय डॉलरच्या चित्राचा. "डबीसकट आणला असतात तर मी इथंच चेक फाडला असता," तो म्हणाला. "उघड्या नाण्याला मी काय देऊ? यात काय बघायचं मला काय माहीत." "मग धंदा कशाचा करता?" तिनं विचारलं. तो न रागावता म्हणाला, "डब्यांचा, मॅडम," आणि पुढच्या टेबलाकडं गेला. निदान तो खरं बोलला होता, आणि तिला तो तेवढ्यापुरता आवडला.

अडीचच्या सुमाराला हार्लन दिसला. रांगेच्या टोकाला उभा होता, कोट घालून, बराच वेळ. मग आला आणि काही न बोलता तिच्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर बसला.

"मी माझ्या डब्या फोडणार नाही," तो शेवटी म्हणाला.

"मी म्हटलंय का?"

"तू नाही म्हणालीस. पण मी कपाट उघडलं की आता तुझा आवाज येतो." त्यानं कोटाचं वरचं बटण काढलं. "तुझ्या नवऱ्याचं मी जे बोललो ते..."

"जाऊ दे. तो तसं म्हणाला होता हे खरंच आहे."

"रविवारी काय केलंस?"

"बीन्स."

इतक्यात एक उंच, उन्हानं रापलेली बाई टेबलासमोर थांबली. पायात शेणानं माखलेले बूट, बहुतेक एल्कोकडच्या कुठल्यातरी रानातून आलेली. तिनं मधलं कार्ड सावकाश वाचलं, ओठ हलवत, सगळं. मग हार्लनच्या छातीवरची सेक्रेटरीची पट्टी वाचली.

"तुम्ही क्लबचे का?" तिनं त्याला विचारलं. "यांनी लिहिलंय ते बरोबर आहे?"

हार्लननं मार्सेलिनकडं पाहिलं. तिनं मदत केली नाही. मग त्यानं हात पुढं करून भिंग उचललं, डॉलर दिव्याखाली धरला आणि तिरका केला. सत्त्याण्णव डॉलरांचा मालक, आणि मार्सेलिनला जाणवलं की इतक्या वर्षांत तिनं त्याला असं कधी बघताना पाहिलंच नव्हतं. त्याचा खालचा ओठ पुढं आला. दिवा त्याच्या चष्म्यात दोनदा दिसत होता. खूप वेळ गेला. ती बाई खिशात हात घालून थांबली, जनावराच्या बाजारात थांबतात तशी, न कंटाळता.

"मला दिसत नाहीत रेघा," तो म्हणाला. चेहऱ्यावर घाम होता. "मला झळाळी दिसते. रेघा नाही दिसत. मी खोटं बोलणार नाही."

"मला दिसतात," मार्सेलिन म्हणाली.

"मग मी कुणाचं ऐकू?" त्या बाईनं विचारलं.

मार्सेलिननं हार्लनच्या हातातून भिंग काढून घेतलं आणि टेबलावरून त्या बाईपुढं धरलं.

"कुणाचंच नको," ती म्हणाली. "इकडं या, दिव्याजवळ. घाई करू नका."